नवी बॅटरी टाकूनही सकाळी नुसतं ‘टक’: जुन्या डिझेल पिकअपचं परत परत उलटणारं दुखणं

जुन्या पिकअपच्या मालकाची तक्रार बहुतेक वेळा अशी असते. बॅटरी नवी टाकली, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) भरून म्हणजे वाइंडिंग नवं करून आणला, डायनामो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) भरून आणला, नोझलं (इंजिनात डिझेल फवारणारी) करून घेतली. आठ-पंधरा दिवस गाडी ठणठणीत चालली आणि मग एका पहाटे, माल भरून उभी असताना, चावी फिरवली तर नुसतं ‘टक’. वायरमन म्हणतो डिझेलचं काम आहे, मेकॅनिक म्हणतो वायरिंग बघून घ्या. बिल दोघांचंही होतं.

असं उलटणारं दुखणं मोठ्या पार्टमध्ये क्वचितच असतं. ते दोन पार्टच्या मधल्या जागेत असतं: अर्थिंगच्या पट्टीत (करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी), वायरच्या थिंबलमध्ये (टोकाला बसवलेली धातूची कडी), तांब्याच्या एका वॉशरमध्ये, उन्हाने कडक झालेल्या रबरी पाइपात. या वस्तूंना वॉरंटी कार्ड नसतं आणि त्या बदलून कुणाला फारसं सुटत नाही, म्हणून त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. नव्या बॅटरीत हा दोष झाकून नेण्याइतका जोर असतो, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. तो जोर जरा उतरला की गाडी पुन्हा अडते आणि शिव्या बॅटरीच्या दुकानदाराला बसतात.

पुढचं सगळं १२ व्होल्टच्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांसाठी आहे: डीआय इंजिनच्या जुन्या महिंद्रा पिकअप, टाटा २०७ आणि त्यांच्या पिढीतल्या बाकीच्या, ज्यांच्या इंजिनला कॉम्प्युटर नाही. गाडी कॉमन रेलची (कॉम्प्युटरवर चालणारी, जास्त दाबाची डिझेल लाइन असलेली) असेल तर विजेचा भाग जसाच्या तसा लागू पडतो, पण डिझेल लाइनचे नट सोडण्याचा भाग करू नका. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो आणि ती धार कातडीतून आत घुसते.

सामान फार लागत नाही. एक डिजिटल मल्टिमीटर (स्वस्तातला चालतो), दोन वायरींना जोडलेला ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब, चांगली जाड जंपर केबल, हातभर पारदर्शक पाइप आणि पॉलिश पेपर.

आधी वेळ आणि आवाज

पाना हातात घेण्याआधी मालकाला किंवा ड्रायव्हरला नीट विचारा. रात्रभर उभी राहिल्यावरच अडते, की दुपारी माल उतरवून गरम इंजिनवर परत निघतानाही? पावसात जास्त? नाक उताराकडे करून लावली तर काही फरक? आणि सगळ्यात महत्त्वाचं: हा त्रास सुरू होण्याआधी गाडीचं शेवटचं काम कोणतं झालं होतं? या शेवटच्या प्रश्नाला ‘काही विशेष नाही, फक्त क्लचप्लेट टाकली’ असं उत्तर आलं तर माझं लक्ष सरळ गिअरबॉक्सजवळच्या अर्थिंगकडे जातं. का ते पुढे येतंच.

मग सेल्फ मारताना कान द्या. काहीच आवाज नाही, तर चावीच्या स्विचपासून सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंतची (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) बारीक वायर, तिचा क्लिप किंवा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच). एकच दणदणीत ‘टक’ आणि पुढे शांतता, तर सोलेनॉइड ओढतोय पण मोटरला करंट पोचत नाही: जाड केबलचे सांधे, अर्थिंग, किंवा सोलेनॉइडच्या आतले जळालेले तांब्याचे संपर्क. ‘टकटकटकटक’ असा आवाज म्हणजे व्होल्टेज कोसळतंय. सेल्फ नुसता ‘फिर्रर्र’ करतोय आणि इंजिन जागचं हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फला इंजिनच्या दात्यांत अडकवणारं गिअर) गेलाय; हे मात्र खरोखर पार्टचं काम. सकाळी बरा फिरतो पण इंजिन तापल्यावर जड होतो, तर सेल्फचे बुश झिजून आर्मेचर घासत असण्याची शक्यता मोठी.

इंजिन छान जोरात फिरतंय पण पकडत नाही, तर विजेचा भाग सोडून खाली डिझेलच्या भागाकडे जा. इथेच बहुतेक ठिकाणी गल्लत होते. डिझेल इंजिन दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेट घेतं. सेल्फ मंद फिरला तर ती उष्णता तयारच होत नाही आणि मंद सेल्फचा दोष पंपाच्या माथी मारला जातो. म्हणून आधी फिरण्याचा वेग पक्का करायचा, मग पंपाकडे बघायचं.

बॅटरी मोजा, मग केबल मोजा

गाडी रात्रभर बंद असताना, सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर लावा. १२.६ किंवा त्याच्या वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. १०.५ च्या आसपास दाखवत असेल तर एक सेल मेला असं समजा. पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (सेलमधल्या पाण्याची घनता मोजणारी नळी) जास्त खरं बोलतो. एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर त्या बॅटरीवर आणखी पैसे घालवू नका. पाणी डिस्टिल्डच घाला. फिल्टरचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, दुकानदार काहीही सांगो.

आता मीटर खांबांवरच ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. पण बॅटरीवर १०.५-११ टिकून आहे आणि तरी सेल्फ रडतोय, तर बॅटरी निर्दोष आहे. करंट वाटेत अडतोय.

ही वाट मोजायची पद्धत फार सोपी आहे आणि फार कमी जण वापरतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसच्या खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबाच्या शिशावर), दुसरी सेल्फवरच्या जाड बोल्टवर. सेल्फ मारा. मीटर जे दाखवेल तेवढं व्होल्टेज त्या केबलमध्ये वाया गेलं. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मग दुसऱ्या बाजूने: एक पिन मायनसच्या खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडावर. इथे ०.२, फार तर ०.३. यापेक्षा जास्त आलं की चोर सापडला. आता एकेक सांधा मोजत तो नेमका कुठे बसलाय ते काढायचं.

आकड्याचं महत्त्व समजायला साधा हिशोब पुरतो. डिझेल पिकअपचा सेल्फ सहज २०० अँपिअर ओढतो. सांध्यातला अडथळा ०.०१ ओहम, म्हणजे साध्या मीटरला शून्यच दिसेल, तरी २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट तिथेच जळाले. म्हणून वायर ‘कंटिन्युइटी’वर ठेवून बीप वाजला की ती चांगली, ही समजूत जाड केबलच्या बाबतीत निरुपयोगी आहे. तुटत आलेल्या केबलची एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. भार असतानाच मोजलं पाहिजे.

मीटर नसेल तर जंपर केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सरळ इंजिन ब्लॉकला किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टला. रडणारा सेल्फ लगेच जोमाने फिरला तर अर्थिंग खराब. संपला विषय.

आता त्या क्लचप्लेटबद्दल. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, म्हणजे ते चासीपासून (गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून) विजेच्या दृष्टीने जवळपास तुटलेले असतात. त्यांना जोडते ती एक विणलेली पट्टी किंवा काळी जाड वायर. क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरवताना ती सोडावी लागते आणि परत बसवताना ती राहून जाते, किंवा रंग आणि ऑइलवरच बोल्ट आवळला जातो. गाडी तरीही चालू होते, कारण करंट दुसरी वाट काढतो: अ‍ॅक्सिलरेटरची केबल, मीटरची केबल, हँडब्रेकची तार. नारायणगावच्या बाजूने वाशी मार्केटला टोमॅटो नेणाऱ्या एका ओळखीच्या गाडीची अ‍ॅक्सिलरेटर केबल सारखी जाम व्हायची. केबल बदलून बदलून मालक कंटाळला. सेल्फ मारल्यावर त्या केबलला हात लावला तर ती गरम लागत होती; वरचं प्लास्टिक आतून वितळलेलं होतं. गिअरबॉक्सला पट्टी लावली आणि सेल्फ, केबल आणि वर-खाली नाचणारा तापमानाचा काटा हे तिन्ही त्रास एकाच वेळी गेले.

अर्थिंगच्या जागा चार धरा: बॅटरी ते चासी, इंजिन किंवा गिअरबॉक्स ते चासी, केबिन ते चासी आणि हौदा ते चासी. प्रत्येक सांधा सोडायचा, थिंबल आणि लोखंड दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासायचं, दात असलेला वॉशर घालायचा, आवळायचं आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. ग्रीस आवळल्यानंतर, आधी नाही. कोकणपट्टीत खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, तिथे हे पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा करावं लागतं. बॅटरीच्या खांबावरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा टाकलेल्या गरम पाण्याने निघते. सेलची झाकणं मात्र तेव्हा घट्ट लावलेली हवीत.

केबल नवी घ्यायची तर तांब्याची, ३५ चौरस मिलिमीटर किंवा जाड. बाजारात हाताला जाड लागणारी केबल मिळते तिच्यात निम्मं रबर असतं आणि आतली तार अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. टोक कापून बघा. आत पांढरं दिसलं तर परत करा.

चार्जिंग: डायनामो परत परत का मरतो

इंजिन चालू, थोडी रेस, बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट. हे बरोबर. हेडलाइट आणि ब्लोअर चालू केल्यावरही १३.५ च्या वर राहायला हवं. १५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर गेलाय. बॅटरीचं पाणी वारंवार आटतं आणि बल्ब उडतात ते याच्यामुळे.

चार्जिंग येतच नाही तर डायनामो उतरवण्याआधी एक फुकटातली गोष्ट बघा. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो का? कितीतरी जुन्या गाड्यांत डायनामोला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला किंवा कुणी ‘सारखा लागतो’ म्हणून काढून टाकला, तर डायनामो आळशी होतो. रेस दिल्याशिवाय चार्जच करत नाही, आणि शहरातल्या मंद फिरण्यात बॅटरी उतरत जाते.

आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या पाठीवरच बसवलेला असतो. त्याला इंजिनचं ऑइल जातं. मधलं ऑइल सील गेलं की ते ऑइल डायनामोत उतरतं, कार्बन आणि स्लिप रिंग बरबटतात आणि चार्जिंग बंद पडतं. वायरमन कार्बन बदलतो, रेग्युलेटर बदलतो, गाडी चालते. सील तेच राहिल्यामुळे काही दिवसांनी परत. म्हणून काढलेला डायनामो आतून ओला-चिकट दिसला तर कार्बनच्या आधी सील आणि ऑइलचे पाइप. हाच पंप कमजोर झाला की ब्रेक दगडासारखा लागतो, तेव्हा ‘ब्रेक जड झालाय आणि चार्जिंगही नाही’ अशी जोडतक्रार ऐकली की दोन वेगळ्या माणसांकडे जाऊ नका.

बेल्टही बघा. अंगठ्याने मध्यभागी दाबला तर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. कित्येक इंजिनांत डायनामो आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर असतात. तो सुटला की चार्जिंग कमी आणि घाटात हीट, असे दोन आजार एका कारणाने येतात.

रात्रीत कोण पितो

चार्जिंग बरोबर, केबल बरोबर, संध्याकाळी गाडी झटक्यात चालू, आणि सकाळी बॅटरी १२.० वर. म्हणजे बंद गाडीत काहीतरी करंट खातंय.

मायनसचा क्लॅम्प काढा आणि क्लॅम्प व खांब यांच्या मध्ये तो ५ वॅटचा बल्ब जोडा. दारं बंद, चावी बाहेर. बल्ब स्पष्ट पेटला तर गळती मोठी. नुसती तार लालसर दिसली तर थोडीफार. मग त्याच जागी मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून आकडा घ्या. जुन्या साध्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. मीटर असं जोडलेलं असताना चुकूनही सेल्फ मारू नका किंवा हेडलाइट लावू नका, मीटरचा फ्यूज लगेच जातो.

आता एकेक फ्यूज काढायचा. ज्या फ्यूजला आकडा पडला, ती लाइन. नेहमीचे संशयित म्हणजे अडकलेला ब्रेकचा स्विच, दार लावल्यावरही न विझणारा केबिनचा दिवा, हौद्याखाली साल निघालेली वायर. २१ वॅटचे दोन ब्रेक लाइट पेटते राहिले तर साडेतीन अँपिअर जातात. बारा तासांत ४२ अँपिअर-तास, म्हणजे ७० च्या बॅटरीची निम्म्याहून जास्त ताकद. आणि हौदा भिंतीला लावून उभी केलेली गाडी असेल तर ते पेटलेले दिवे कुणाला दिसतही नाहीत.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर घाबरू नका. फ्यूजच्या बाहेरून बॅटरीला थेट जोडलेलं काय आहे ते शोधा. गाण्यांचा डबा, ट्रॅकर, मोबाइल चार्जर, कुणीतरी हौसेने लावलेली एलईडीची पट्टी. (फास्टॅगवर मात्र संशय घेऊ नका, त्याला गाडीची वीज लागतच नाही.) तेही सगळं सोडलं तरी गळती आहे, तर डायनामोची जाड वायर सोडा, तिचं टोक टेपने नीट गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा शून्याजवळ आला तर डायनामोचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलट्या दिशेने गळतोय. असा डायनामो दिवसा चार्जही करतो, त्यामुळे कुणाला त्याचा संशय येत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर एसीवर ठेवलं आणि अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर तीच खूण.

सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही

सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. सेल्फ मारताना पांढरा धूर येतोय का? येत असेल तर डिझेल आत जातंय, पेट घेत नाही. हीटर प्लगचं (थंड इंजिनात आतली हवा तापवणारे प्लग) इंजिन असेल तर प्लग तपासा: वायर काढून प्लग आणि ब्लॉक यांच्यात ओहम मोजा, एकदोन ओहमच्या आत हवा, काहीच दाखवलं नाही तर प्लग मेला. प्लग ठीक असतील किंवा इंजिनला नसतीलच, तर कॉम्प्रेशन, टायमिंग, नोझल; ते वर्कशॉपचं काम. हीटर प्लग असलेल्या इंजिनात एअर फिल्टरमधून स्टार्टिंग स्प्रे मारण्याची सवय मात्र मोडा. पिस्टन फुटतो.

धूर अजिबात नाही, तर डिझेल पोचतच नाही. आधी स्टॉप सोलेनॉइड (पंपाचं डिझेल विजेने चालू-बंद करणारा). चावी ऑन-ऑफ केल्यावर पंपाजवळ हलकी ‘टक’ ऐकू यायला हवी. येत नसेल तर बॅटरीच्या प्लसवरून त्याला एक वायर थेट देऊन बघा. आता टक आली आणि इंजिन चालू झालं तर सोलेनॉइड चांगला आहे, त्याच्याकडे येणारी वायर किंवा चावीचा स्विच खराब. खड्ड्यात आदळली की बंद पडते आणि लगेच परत चालू होते, त्या गाड्यांमध्ये बहुधा याच वायरचा क्लिप सैल असतो.

टक येते, तरी डिझेल नाही: हवा. सकाळी हँडपंप (हाताने दाबून लाइनमध्ये डिझेल भरायचा छोटा पंप) मारून मारून चालू करावी लागते, मग दिवसभर काही तक्रार नाही, हा या दोषाचा ठरलेला चेहरा. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) लाइनमध्ये डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. भोक पडलेल्या नळीतून उसाचा रस ओढल्यावर रसाऐवजी हवा तोंडात येते, तसंच. म्हणून इथे पाइपाला चीर असली तरी बाहेर डिझेलचा थेंब दिसत नाही आणि मेकॅनिक ‘कुठेच गळत नाही’ म्हणून पुढे जातो. रात्री त्याच चिरेतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल टाकीत परत उतरतं.

खात्री करायची तर गाडी एक रात्र नाक उताराकडे करून लावा, टाकीची बाजू वर. सकाळी पहिल्या झटक्यात चालू झाली तर निदान जवळपास पक्कं. मग फिल्टर आणि पंपाच्या मध्ये तो पारदर्शक पाइप तात्पुरता घालून इंजिन चालू ठेवा. बुडबुडे दिसले की हवा कुठून येते ते मागे मागे सरकत शोधायचं. आणखी एक हुकमी चाचणी: पाच लिटरचा स्वच्छ कॅन बॉनेटच्या उंचीवर ठेवून त्याचा पाइप थेट फीड पंपाला द्या. त्रास गेला तर पंप निर्दोष, टाकीकडची लाइन दोषी. पंप खोलायला हजारोंचा खर्च सांगितला जातो, त्याआधी ही चाचणी करायलाच हवी.

हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: हँडपंपाचं आतलं रबर, पाणी काढायच्या वाटीखालचा स्क्रू, फिल्टरचं रबर (नवं टाकताना जुनं खाली चिकटून राहतं आणि दोन होतात), क्लिपाजवळ चिरलेला पाइप आणि पोकळ बोल्टांचे तांब्याचे वॉशर. वॉशर एकदा दाबला की कडक होतो, परत तोच लावला की नीट बसत नाही. नवा मिळत नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं. दोन्ही बाजू काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करा.

काम झाल्यावर हवा काढायची ती ओळीने: आधी फिल्टरचा स्क्रू ढिला करून हँडपंप, बुडबुड्याशिवाय धार आली की आवळा, मग पंपावरचा स्क्रू. तरी अडली तर दोन नोझलांचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल येऊ लागलं की आवळा. मेकॅनिकल पंप असला तरी तिथे दाब भरपूर असतो, बोट धारेसमोर आणू नका.

गाडी सकाळी व्यवस्थित निघते पण अर्ध्या-पाऊण तासाने ताकद सोडते आणि थोडा वेळ थांबलं की परत पळते, तर टाकीचं झाकण उघडून कान द्या. ‘सुस्स’ आवाज आला तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. आवाज नाही, तर टाकीतल्या नळीच्या जाळीला कचरा धरलाय: बंद असताना तो खाली बसतो, चालताना परत जाळीवर येतो. टाकी पाव असतानाच, चढावर दम सोडते, तर टाकीच्या आतली उभी नळीच चिरलेली असू शकते.

मागचे दिवे

इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मिणमिणतो, पार्किंग लावलं की इंडिकेटर मंद होतो. बल्ब बदलू नका. मागच्या दिव्यांचं अर्थिंग तुटलंय आणि करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून परत जातोय. पिकअपचा हौदा चासीवर लाकडाच्या किंवा रबराच्या पॅकिंगवर बसतो. रंगकाम आणि गंज धरून तो चासीला विजेने नीट जोडलेला राहतच नाही. दोन्ही मागच्या दिव्यांपासून एक स्वतंत्र काळी वायर चासीच्या घासलेल्या बोल्टवर आणा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पासिंग दरवर्षी, आणि तिथे बऱ्याच गाड्या या एका वायरीसाठी अडतात.

हेडलाइट मंद असतील तर १०० वॅटचे बल्ब घालून सुटत नाही. ६०-५५ चे दोन बल्ब दहा अँपिअर ओढतात, १०० चे दोन सोळाच्या पुढे, आणि तो सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. स्विच वितळतो. कायद्यालाही ते बल्ब चालत नाहीत. बॅटरीवरून फ्यूज लावलेली वेगळी वायर रिलेच्या ३० वर (हे आकडे रिलेच्या पायांवर छापलेले असतात), ८७ वरून दिव्याला, आणि जुन्या स्विचची वायर फक्त ८६ ला, ८५ अर्थला. डिपर आणि अपरला वेगवेगळा रिले. तेच ६० चे बल्ब मग इतके उजळतात की समोरचा डिपर मारायला लागतो. तेव्हा फोकसही खाली करून घ्या.

घाटात हीट

काटा वर गेला म्हणून लगेच रेडिएटर उतरवू नका. हेडलाइट लावल्यावर काटा हलतो का ते बघा. हलला तर काटा खोटा बोलतोय, पुन्हा अर्थिंग. खरोखरच तापत असेल तर बेल्ट, रेडिएटरच्या पाकळ्यांतला चिखल आणि भुसा, आणि झाकणाचं रबर. झाकण दाब धरतं म्हणून पाण्याचा उकळबिंदू शंभराच्या बराच वर राहतो; रबर गेलं की चढावर पाणी उकळून बाहेर. गरम असताना ते झाकण उघडायचं नाही हे सांगायची गरज नसावी, तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी भाजतंच. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वाल्व्ह) काढून टाकण्याचा सल्ला मोफत मिळतो. तो घेऊ नका. इंजिन कायम थंड राहिलं की डिझेल जास्त खातं आणि लायनर लवकर झिजतात.

हौद्याचं वेल्डिंग करताना

जुन्या पिकअपचा हौदा वर्षातून एकदा तरी वेल्डिंगला जातो आणि त्यानंतर ‘अचानक’ डायनामो गेला असं ऐकू येतं. वेल्डिंगवाल्याने अर्थचा चिमटा समोरच्या बंपरला लावला आणि काम मागच्या फाळक्यावर केलं, तर त्याचा सगळा करंट गाडीच्या मिळेल त्या वाटेने जातो: डायोडमधून, बेअरिंगमधून, त्या बिचाऱ्या अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून. बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प काढा, आधी मायनस मग प्लस. डायनामोच्या वायरी सोडा. चिमटा वेल्डिंगच्या जागेपासून वीतभर अंतरावर, घासलेल्या लोखंडावर लावायला सांगा आणि काम संपेपर्यंत तिथे उभे राहा.